शिकवणाऱ्यांची गाठ

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची रीघ लागली. शिकवणार मुकादम, पण मुकादमाला शिकवायला शिकवणार कोण? १९४० ते १९४५ दरम्यानच्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी योजनेत त्यासाठी दहा तासांचा वर्ग होता. दिव्याच्या वायरीला मारायची गाठ प्रशिक्षक आधी नुसती तोंडी सांगे. कुणाला जमत नसे. मग मुकाट्याने करून दाखवी. तरी बोटं अडखळतच. शेवटी एकेक पायरी, तिचं कारण सांगून, शिकणाऱ्याच्याच हातून करून घेई, आणि गाठ बसे!

आज कंपन्यांसाठी प्रशिक्षणाचे पाठ रचायला आलेल्या मुलामुलींना संगणकापुढे बसवण्याची घाई होते. त्याआधी त्यांना एखाद्या जुन्या फिटरकडे धाडावं. हातात मुरलेलं सहजी तोंडी येत नाही. ‘त्यात काय सांगायचंय?’ असं तो म्हणेल. तिथेच वही उघडावी.