नातवाची रुसलेली गाडी

"आजोबा, तुम्हांला गाडी दुरुस्त करता येते ना? आई म्हणत होती."

नातवाने हा प्रश्न टाकला तेव्हा मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका गावाबाहेर, मुलीच्या घरी सकाळचा चहा घेत बसलो होतो. एप्रिल महिना होता. बर्फ वितळून अंगणात हिरवळ दिसू लागली होती, आणि आठ वर्षांचे आमचे नातूसाहेब डोक्यावर शिरस्त्राण चढवून रडवेल्या चेहऱ्याने दारात उभे होते. त्यांची गाडी सुरू होत नव्हती.

ही गाडी म्हणजे चार फुगीर चाकांचे, मोटरसायकलसारखे हँडल असलेले एक बुटके वाहन. 'एटीव्ही' असे तिचे नाव. आपल्याकडे लोणावळ्याला किंवा अलिबागच्या बाजूला सहलीला गेलेल्या मंडळींनी तिची मोठी बहीण पाहिली असेल. नातवाची होती ती लहान मुलांसाठी केलेली, छोट्या पेट्रोल इंजिनाची. हिवाळ्याच्या आरंभी जावयांनी ती गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली, वर चादर टाकली आणि पाच महिने कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

आता वाचकहो, खरे सांगायचे तर असले वाहन मी जन्मात उघडले नव्हते. पण एक जुनी स्कूटर मी पुण्यात वीस वर्षे चालवली. सकाळी कचेरीच्या वेळेला ती रुसली की तिला कुशीवर कलती करायची, चोक ओढायचा, प्लग काढून पॉलिश कागदाने घासायचा, हे ज्ञान त्या काळी घराघरांत होते. तेव्हा मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "चल, बघू या."

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही लहान इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यांपैकी काय कमी पडते ते क्रमाने शोधायचे. पण त्याआधी एक पायरी असते, आणि घाईत माणसे नेमकी तीच चुकतात. लहान मुलांच्या गाडीला मुद्दाम कुलपे घातलेली असतात. ब्रेकचा दांडा दाबून धरल्याशिवाय बटण दाबूनही काही होत नाही. गिअरची गाडी असेल तर ती न्यूट्रलमध्ये हवी. हँडलवरचे लाल बटण 'चालू'कडे हवे. आणि मागे एक दोरी असते. ती मुलामागून चालणाऱ्या मोठ्या माणसाने हातात धरायची. ओढली की टोकाची टोपी निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. ती टोपी नीट बसलेली हवी. आम्ही चारही गोष्टी पाहिल्या. सगळे ठीक होते.

मग बॅटरी. बटण दाबले की नुसते 'टक् टक्' ऐकू येई. थंडीत पडून राहिलेली बॅटरी उतरते, यात नवल नाही. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर साडेबाराच्या वर दाखवते. आमची ११ च्याही खाली गेली होती. ती रात्रभर चार्जरला लावली. दुसऱ्या दिवशी इंजिन घरघर फिरू लागले, पण पेटेना.

नातू म्हणाला, "आजोबा, आता काय?"

"आता पेट्रोल," मी म्हणालो. पेट्रोलचा नळ उघडा आहे हे पाहिले आणि टाकीचे झाकण काढून वास घेतला. ताज्या पेट्रोलचा वास कसा झणझणीत असतो! याला मात्र जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत होता. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी शोषते. शिवाय पेट्रोलचा हलका भाग महिनोन्‌महिने उडत जातो आणि उरलेला चिकट गाळ कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. इंजिन गार असताना, गाडी उघड्यावर आणून, आम्ही टाकी रिकामी केली. कार्बोरेटरच्या तळच्या वाटीचा स्क्रू सैल करून तीही रिकामी केली, आणि ताजे पेट्रोल भरले. हे काम करताना जवळपास आग नको, विडी नको, आणि मुलाला चार हात लांब उभे करावे.

हवेची जाळी उघडली तर आत चक्क उंदराने घर केलेले! कापूस, गवत, कागदाचे कपटे. नातू इतका हसला की गाडीचे दुःख विसरला. जाळीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. तरी गाडी मख्ख.

राहिली ठिणगी. प्लग काढला. येथे एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे : खूप वेळ इंजिन फिरवूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, आणि ओला निघाला तर पेट्रोल पोचते पण पेटत नाही. आमचा ओला होता. तो पुसला, उघड्यावर वाफ उडून जाऊ दिली, नळ बंद केला. मग टोपीत प्लग घालून, रबरी मुठीच्या पकडीने त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवले, प्लगच्या भोकापासून दूर, आणि जावयांना बटण दाबायला सांगितले. निळी ठिणगी दिसायला हवी होती. दिसली नाही. नवा प्लग आणला, तोच प्रकार.

अशा बहुतेक लहान इंजिनांत बंद करण्याची युक्ती साधी असते. एक तार जमिनीला, म्हणजे गाडीच्या धातूला टेकली की ठिणगी मरते. लाल बटण तेच करते आणि मागची दोरीही तेच. मी दोरीच्या खटक्याची जोडणी सोडवली आणि पुन्हा बटण दाबायला लावले. टच्! निळी, ठसठशीत ठिणगी. म्हणजे दोरीच्या खटक्यात ओल शिरून गंज चढला होता, आणि टोपी बसलेली असूनही तो सदा 'बंद'चाच हुकूम देत होता.

प्लग बसवला, नळ उघडला, चोक ओढला, बटण दाबले. फट् फट् फट् करीत गाडी सुरू झाली! नातू नाचू लागला, मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, आणि मला वाटले, वीस वर्षे स्कूटर कलती केल्याचे आज सार्थक झाले.

जावई म्हणाले, "बाबा, आता राहू दे ना ती तार अशीच सुटी. चालतेय की. मी असतोच त्याच्याजवळ."

कबूल करतो, माझ्याही मनात तेच आले होते. आमच्या पिढीने तारेने बांधून आणि चिकटपट्टी लावून संसार चालवले. शिवाय नातवाचा तो चेहरा! पण सवयीने माझा हात दोरीकडे गेला. मी ती ओढली. टोपी हातात आली आणि इंजिन खुशाल चालत राहिले.

नातवाचे नाचणे थांबले. "आजोबा, ही बंद का होत नाही?"

मी लाल बटण दाबून ती बंद केली. जावईही गप्प झाले. मुलगा घाबरला की त्याचा अंगठा वेगाच्या खटक्यावर अधिकच दाबला जातो. त्या वेळी मागच्या माणसाच्या हाती फक्त ती दोरी असते. या वाहनांचा इतिहासही काही गोड नाही. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत यांची तीनचाकी जात विकायला आणली. ती सहज उलटे. अपघात इतके वाढले की १९८८ साली सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयात करार झाला व नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था तर सोळा वर्षांखालील मुलांनी ही वाहने चालवूच नयेत असे सांगते. हे मी मुलीला आणि जावयांना त्याच रात्री जेवताना सांगितले. ठेवायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते. ठेवायची असेल तर दोरीसकट, एवढा माझा हट्ट होता.

नवा खटका टपालाने यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस नातू माझ्याशी जेमतेम बोलला. सहाव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो बसवला. गाडी सुरू केली आणि मी दोरी त्याच्या हाती दिली. त्याने ओढली, इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तो आपण होऊन म्हणाला, "आता बसू?"

मी परत आलो त्याला बरेच महिने झाले. परवा फोनवर जावई सांगत होते, गाडी अजून आहे, अंगणाबाहेर जात नाही, आणि शिरस्त्राणाशिवाय हलत नाही. थंडीसाठी ठेवताना या वेळी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणार आहेत, बॅटरी काढून घरात ठेवणार आहेत. नातवाने मध्येच फोन ओढून घेतला.

"आजोबा, मी रोज आधी दोरी ओढून बघतो. आणि उंदीर पुन्हा आला नाही."