‘टीआरएन’ फाइल उघडत नाही? आधी हे वाचा

दुकानाचा किंवा दवाखान्याचा कॉम्प्युटर अचानक बंद पडतो. हार्ड डिस्क गेलेली असते. पेन ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण तो उघडला की दिसतात शेवटी ‘.टीआरएन’ असलेल्या दहा-वीस फाइल्स. डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही आणि नोटपॅडमध्ये उघडलं तर अगम्य चिन्हं. वर्षभराचा हिशोब गेला, असं समजून घाबरू नका. आधी ही फाइल नेमकी कसली आहे ते ओळखा.

फाइल आहे तरी कसली?

बहुतेक वेळा ‘.टीआरएन’ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या व्यवहारांच्या नोंदवहीचा, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप असतो. बिलिंगची अनेक सॉफ्टवेअर याच डेटाबेसवर चालतात. यात पूर्ण हिशोब नसतो. आधीच्या लॉग बॅकअपनंतर काय भरलं, काय बदललं, काय पुसलं एवढंच असतं. पूर्ण बॅकअपची फाइल सहसा ‘.बॅक’ नावाची असते. घराचा पाया म्हणजे ‘.बॅक’ आणि त्यावरचे मजले म्हणजे ‘.टीआरएन’. पायाशिवाय मजले उभे राहत नाहीत, म्हणून आधी ‘.बॅक’ फाइल शोधा.

डेटा परत कसा मिळवाल?

● सगळ्या फाइल्सची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मूळ फाइल्सना हात लावू नका.

● विंडोज कॉम्प्युटरवर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आणि मॅनेजमेंट स्टुडिओ घ्या. दोन्ही मोफत आहेत. मात्र २०२२ च्या एक्स्प्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हेही लक्षात ठेवा.

● फाइल्स डेस्कटॉपवर न ठेवता सर्व्हरच्या बॅकअप फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर सर्व्हरला त्या सापडत नाहीत.

● ‘डेटाबेसेस’वर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर डेटाबेस’ निवडा. ‘डिव्हाइस’मधून ‘.बॅक’ आणि सगळ्या ‘.टीआरएन’ फाइल्स एकत्र जोडा. सॉफ्टवेअर त्यांचा क्रम स्वतः लावतं. मधली एक जरी फाइल हरवली असेल, तर साखळी तिथेच तुटते आणि पुढच्या फाइल्स निरुपयोगी ठरतात.

लॉग बॅकअपचा एक मोठा फायदा आहे. समजा, दुपारी २.४० ला कुणीतरी चुकून ग्राहकांची उधारी पुसून टाकली आणि ३ वाजता लॉग बॅकअप झाला. ‘टाइमलाइन’ बटण दाबून २.३९ ही वेळ निवडा, की उधारी जशीच्या तशी परत. मात्र हे वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये करा, म्हणजे चालू हिशोब सुरक्षित राहील.

डेटा परत आला, की ‘टास्क्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट डेटा’ने हवी ती यादी एक्सेलमध्ये घेता येते.

ट्रान्सक्रिप्ट असेल तर?

कधी कधी याच नावाच्या फाइलमध्ये बोलण्याचं लेखी रूप, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट असतं. नोटपॅडमध्ये उघडल्यावर वाक्यं वाचता आली, तर ती साधी मजकुराची फाइल आहे. ऑनलाइन मीटिंगच्या ‘.व्हीटीटी’ फाइल्सही अशाच उघडतात. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘यूटीएफ-८’ निवडा, म्हणजे मराठी अक्षरं बिघडणार नाहीत. मग मजकूर वर्डमध्ये घ्या.

या चुका टाळा

● फाइलचं शेपूट बदलून ‘.एक्सेल’ किंवा ‘.पीडीएफ’ करू नका. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही.

● अनोळखी ‘मोफत कन्व्हर्टर’ साइटवर फाइल चढवू नका. त्यात तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर आणि रुग्णांची माहिती असते.

● फक्त ‘.टीआरएन’ जपून ‘.बॅक’ पुसू नका. जागा वाचते, पण हिशोब जातो.

आणि आज एक काम नक्की करा: तुमचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून पाहा. जो बॅकअप कधी उघडूनच पाहिला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.