पुरुषांचीही हाडं झिजतात

हाडं ठिसूळ होणं म्हणजे पाळी गेलेल्या बाईचं दुखणं, असं सगळेच धरून चालतात. म्हणून चाळिशीतला माणूस साधा घसरून मनगट मोडून आला, तर प्लास्टर घालून घरी पाठवतात. पुढे कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. अमेरिकेत बोस्टनला फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांनी पाळी जाणं आणि हाडांची झीज यांचा संबंध दाखवला. त्यांच्याच सोबत काम करताना १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर यांनी नऊ पुरुषांची नोंद केली: वृषण, म्हणजे अंडकोशातल्या गोळ्या, लहान; छाती वाढलेली; वीर्यात शुक्राणू नाहीत. कारण १९५९ मध्ये सापडलं. पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं, यांच्यात एक एक्स जास्तीचं. ते जन्मतःच असतं, कुणाच्या वागण्याचा किंवा करणीचा त्यात संबंध नाही. दर ६०० मुलग्यांमागे साधारण एकाला हे असतं आणि बहुतेकांना कधी कळतच नाही. वृषणातून टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, आणि हाडं टिकायला ते लागतं.

मूल होत नाही म्हणून सुनेच्याच तपासण्या करणाऱ्या सासूबाईंनो, मुलालाही पाठवा! वीर्यतपासणी, सकाळी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, गरज पडली तर गुणसूत्रांची तपासणी. उपचार आहे, इंजेक्शन किंवा जेल. पण जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून मनाने घेऊ नका. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू आणखी कमी होतात. मूल हवं असेल तर उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.