मालकाचा हिस्सा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे कसबा बावड्याच्या पहाटेला मळीचा तो परिचित आंबूस दर्प येतो, छत्रपती राजाराम कारखान्याच्या दिशेने उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्याच रस्त्याने रखवालदार, सफाई कामगार, वायरमन असे कितीतरी लोक सायकली आणि मोटारसायकलींवरून शहरातल्या आपापल्या कामांवर निघतात. यांतील पुष्कळांची हजेरी एका आस्थापनेत लागते, हुकूम दुसऱ्याचा चालतो आणि पगार तिसऱ्याच्याच, म्हणजे ठेकेदाराच्या, सहीने निघतो.

आमच्या गल्लीतला असाच एक रखवालदार गेल्या पावसाळ्यात पगारपत्रकाचा भिजलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. तो म्हणाला, ‘‘काका, फंडाचे बारा टक्के दोनदा कापल्यात. एकदा माझं म्हणून, एकदा मालकाचं म्हणून. मग मालक देतोय काय?’’ मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत डोके घातलेले आहे; पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी अधिनियमाने ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यालाही कामगारच मानले. त्याखालील योजनेच्या 31 व्या परिच्छेदाने असे बजावले की, करारात काहीही लिहिलेले असो, मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता कामा नये. आणि 30 व्या परिच्छेदाने ठेकेदाराच्या माणसांचे दोन्ही हिस्से भरण्याची जबाबदारी मूळ मालकाच्या शिरावर ठेवली. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेच्या कक्षेत गेला, तरी तत्त्व पालटलेले नाही.

परंतु कायद्याला वेतनातून झालेली कपात दिसते, वेतन ठरण्यापूर्वीच झालेली कपात दिसत नाही. नेमणूकपत्रात ‘सीटीसी’ नावाचा एक भरदार आकडा लिहायचा, मालकाचा हिस्सा त्याच आकड्याच्या पोटात घालायचा आणि उरेल त्याला वेतन म्हणायचे, ही रीत आता सुशिक्षितांच्या नोकऱ्यांतही इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल तक्रार करणारा अडाणी ठरतो.

विलायतेत, जिथे आपली कितीतरी मराठी मुले संगणकाची कामे ठेक्याने करतात, तिथे याच व्यवस्थेने राजरोस रूप घेतले आहे. ठेक्याने काम करणारा इसम ‘अंब्रेला कंपनी’चा नोकर होतो, काम देणाऱ्याकडून आलेल्या ठरीव रकमेतून ती आपली दलाली घेते, आणि मालकाने सरकारात भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता, जो एप्रिल 2025 पासून पंधरा टक्के झाला आहे, तोही त्याच रकमेतून वळता करते. छत्री डोक्यावर धरलेली दिसते खरी; पण तिचे कापड ज्याच्या डोक्यावर ती धरली त्याच्याच सदऱ्यातून बेतलेले असते. यावर तिथल्या हुशार लोकांनी काढलेल्या तोडीला ‘सॅलरी सॅक्रिफाइस’, म्हणजे वेतनत्याग, असे एखाद्या व्रताला शोभेलसे नाव आहे. वेतनाचा काही भाग करारानेच सोडून द्यायचा आणि कंपनीने तो मालकाचा हिस्सा म्हणून परस्पर निवृत्तिवेतनाच्या खात्यात भरायचा. जे वेतन हाती आलेच नाही त्यावर प्राप्तिकर नाही, नोकराचा विमा नाही आणि मालकाचाही नाही. मालकाचा तो हप्ता मुळात नोकराच्याच रकमेतून जात असल्यामुळे, कंपनी प्रामाणिक असेल तर, वाचलेले पंधरा टक्केही त्याच्याच पदरात पडतात. मात्र उरलेले वेतन किमान वेतनाखाली जाता कामा नये. आणि एप्रिल 2029 पासून वर्षाला दोन हजार पौंडांपलीकडच्या अशा त्यागावरची विम्याची सूट बंद होणार आहे.

आपल्याकडे या तोडीचा जवळचा नातलग म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मालकाने भरलेली रक्कम: नव्या करपद्धतीत मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या चौदा टक्क्यांपर्यंत ती करमुक्त असते. पण ही सवलत कर भरणाऱ्याची. पंधरा हजारांवर राबणाऱ्या रखवालदाराला करच नाही, तेव्हा त्याच्या त्यागाला फळ कसले?

त्याचे फळ निराळ्या झाडावर आहे. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी 8.33 टक्के 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातात. पंधरा हजारांच्या कमाल मर्यादेवर ते 1250 रुपये होतात आणि उरलेले 550 फंडात पडतात. शेवटच्या साठ महिन्यांचे सरासरी वेतन गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर, हे पेन्शनचे सूत्र. म्हणजे दहा वर्षांना दरमहा सुमारे 2143 रुपये, आणि दहा वर्षे भरली नाहीत तर दरमहा काहीच नाही. साखर कारखान्याच्या हंगामी कामगारावर या योजनेने एक मेहेरनजर केली आहे: हंगाम चार-पाच महिन्यांचाच असला तरी ते वर्ष पुरे धरले जाते. ऊस तोडणारे मात्र मुकादमाच्या उचलीवर येतात आणि या हिशेबात कुठेच सापडत नाहीत.

ठेकेदार बदलला की फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घ्यायची, ही आपल्याकडची सर्वांत महाग सवय आहे, कारण त्या पैशांबरोबर मोजलेली वर्षेही जातात. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचे बिल समोर असताना असा उपदेश करणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. तरीही, रक्कम न काढता आपल्या यूएएन क्रमांकावर जुने खाते नव्यात वर्ग करून घ्यावे; निदान योजनेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, म्हणजे जुनी वर्षे शाबूत राहतात. ठेकेदाराने पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरणा करावयाचा असतो. तो झाला की नाही ते मोबाइलवरच्या पासबुकात दिसते.

आमच्या रखवालदाराचे पासबुक आम्ही ओसरीवर बसून पाहिले. नोकरी अकरा वर्षांची, ठेकेदार तीन. पहिल्या दोघांकडची रक्कम त्याने काढून घेतलेली, आणि पेन्शनच्या रकान्यात उरलेली वर्षे चार.