नुसता लोखंडाचा तुकडा?

निपाणीच्या आजोबांची .३१५ बोअरची रायफल रीतसर परवान्यानं माझ्या नावावर आली, पण बोल्ट झिजलेला. एका ओळखीच्यानं जुन्या रायफलीची सुटी ॲक्शन स्वस्तात देऊ केली. "नुसता लोखंडाचा तुकडा, कागद कशाला?" मला मोह झाला. बेळगावच्या म्हाताऱ्या कारागिरानं मात्र कान उपटले. "बाबा, १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच! शिवाय बोल्ट धरणारी टोकं झिजलेली असली, तर बाराचा दाब उलटून तुमच्याच तोंडावर."

मी व्यवहार मोडला. त्या पैशांत धाकटीची सायकल आली. वाचकहो, जुनं हत्यार घेताना आधी परवाना बघा, मग बोल्ट. आजोबांची आठवण जपायची, तर घरचं माणूस तुरुंगात कशाला घालायचं?