वाळूचा थर : वादळाचा की त्सुनामीचा?

समजा, आंजर्ल्यात जोग नदीच्या खाडीकाठी खड्डा खणला आणि काळ्या चिखलात वीतभर समुद्री वाळूचा थर सापडला. चिखल संथ पाण्यात खाली बसतो, वाळू मात्र तिथे जोराने आणून टाकावी लागते. ती कुणी आणली, वादळाने की त्सुनामीने?

हा प्रश्न फक्त आम्हा संशोधकांच्या हौसेचा नाही. चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. मकरान किनाऱ्यावर, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या बाजूला, मोठा भूकंप झाला तर त्सुनामी कोकणात यायला काही तासच लागतात. १९४५ मध्ये तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. असं पूर्वी किती वेळा झालं, ते वाळूलाच विचारावं लागतं.

फरक लाटांच्या स्वभावात आहे. वादळी लाटा दर दहा-पंधरा सेकंदांनी, तासन्तास आपटत राहतात. त्यामुळे किनाऱ्यालगत जाड थर साचतो, त्यात अनेक बारीक पापुद्रे दिसतात आणि आत जाताना तो लवकर संपतो. त्सुनामीत एकेक लाट दहा मिनिटांपासून तासाभराची असते. पाणी आत घुसतच राहतं. मग वाळूची पातळ चादर खूप आतपर्यंत पसरते. खाली भरड, वर बारीक अशी प्रतवारी दिसते. जमिनीतून उपटलेली चिखलाची ढेकळं वाळूत सापडतात. कधी खोल समुद्रातल्या फोरामिनिफेरांचे, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जिवांचे, कवचही मिळतात.

वाचायला सोपं वाटतं ना? पण यातली एकही खूण एकटी पुरत नाही. जोरदार वादळही चिखल उपटतं, आणि किनाऱ्यालगतचीच वाळू उचलणाऱ्या त्सुनामीत खोल पाण्यातले जीव नसतातही. म्हणून एका खड्ड्यावर निकाल देता येत नाही. किनाऱ्यापासून आतपर्यंत ओळीने खड्डे घ्यायचे, थर कुठे पातळ होतो ते मोजायचं आणि वय काढायचं.

आंजर्ल्याच्या उत्तरेला, आडे ओलांडल्यावर केळशी लागते. तिथली वाळूची टेकडी डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी त्सुनामीशी जोडली. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वाळूच्या थराचा संबंध १५२४ शी लावला. त्या वर्षी दाभोळजवळ वास्को द गामाच्या ताफ्याला समुद्र हादरल्याचा अनुभव आला होता. पण जहाजाला भूकंपाचा हादरा जाणवतो. भर समुद्रात त्सुनामीची लाट सहसा लक्षातही येत नाही. त्यामुळे ती नोंद वाळूच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय टेकडीच्या बाबतीत तिसरा संशयित असतोच : वारा.

इथे निसर्ग चक्रीवादळ कामाला येतं. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आंजर्ले वादळाच्या केंद्राच्या दक्षिणेला, म्हणजे वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहणाऱ्या बाजूला होतं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्याची तारीख आणि वाऱ्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे, अशा वादळाने वाळू कुठवर नेली, हे मोजलं तर जुन्या थरांसाठी मोजपट्टी मिळते. पण अशा खुणा फार दिवस टिकत नाहीत : वाडी पुन्हा उभी करताना माणसं वाळू उपसतात, खेकडे बिळं करून थर ढवळतात. म्हणून पुढच्या वादळानंतर वाडीत वाळू आली तर साफ करण्याआधी एक फोटो काढा, वाळू किती आत आली आणि किती जाड आहे ते लिहून ठेवा. पाचशे वर्षांपूर्वीचा थर ओळखायला अशाच नोंदी लागतात.