कमलाबाई गोखले : मूकपटातील पहिली बालनायिका

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात, म्हणजे ध्वनिमुद्रित संवाद नसलेल्या चित्रपटात, तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाला करावी लागली. कारण चित्रपटात काम करणे त्या काळी स्त्रियांसाठी लाजिरवाणे मानले जाई. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ने ही अडचण ओलांडली. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची, पण लहानपणापासून रंगभूमीवर वावरलेली मुलगी कमला मोहिनी झाली. मायलेकींनी एकाच चित्रपटातून पदार्पण करावे, हा योगायोग नव्हता. रंगभूमीवर पोट असलेल्या घराला गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजाने ठेवलीच नव्हती, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. पुढे नट रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाह झाल्यावरही कमलाबाई नाटक व चित्रपट या दोन्ही माध्यमांत वावरल्या. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले नामवंत अभिनेते झाले, लालजी गोखले तबलावादक झाले, तर नातू विक्रम गोखले यांना ‘अनुमती’ या मराठी चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वृद्धापकाळातील कमलाबाईंच्या आठवणी रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात पाहायला मिळतात.